आवळा वनात, गोळी दुकानात



गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावर दरेकसा नावाचे एक लहानसे स्थानक आहे. तेथून धनेगावच्या वाटेने डोंगरात शिरले की कचारगडच्या गुहा लागतात. गोंड समाज या स्थानाला आपल्या पूर्वजांचे उगमस्थान मानतो. गुहेत कोंडल्या गेलेल्या तेहतीस बालकांना पारी कुपार लिंगोने मुक्त केले, ही कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि माघ पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून, तेलंगणातून लाखो भाविक या डोंगराकडे येतात. ज्या वाटेने ते चढतात ती वाट ऐन, मोह, तेंदू, चार, हिरडा, बेहडा आणि आवळा यांच्या वनातून जाते. यात्रेचे दिवस हे आवळ्याच्या आणि बोरांच्या बहराचे दिवस असतात, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे.

याच वनातला आवळा वेचणारा मनुष्य तो पोत्याने, मिळेल त्या भावाने विकतो. तो आवळा शहरात जातो, भुकटी होतो, गोळीत भरला जातो, चकचकीत बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द छापून तालुक्याच्या औषधाच्या दुकानात परत येतो. आणि वेचणाऱ्याच्याच घरात कुणी अशक्त झाले तर तीच बाटली अनेकपट किंमत मोजून विकत घेतली जाते. या व्यवहारात पैसा जातो, ही गोष्ट तर खरीच. पण त्याहून गंभीर प्रश्न असा की, त्या बाटलीत जे आहे ते फळात होते तेच आहे काय? आणि ते प्रत्येकाला मानवते काय?

प्रथम तो शब्द समजून घेतला पाहिजे. कापलेले वांगे काही वेळाने काळे पडते. त्यावर लिंबू पिळले तर ते बराच काळ पांढरे राहते. उघड्यावर ठेवलेले जवसाचे तेल काही दिवसांनी खवट होते. विळ्याला गंज चढतो. या तिन्ही ठिकाणी प्राणवायू आपले काम करीत असतो. रसायनशास्त्र त्याला ऑक्सिडीकरण म्हणते. एका पदार्थाने दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. हीच क्रिया शरीरात अहोरात्र चालते, किंबहुना तिच्यावाचून जीवन नाही. अन्नातून ऊर्जा काढताना पेशी प्राणवायूचे पाणी करते. या कामात काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि प्राणवायूचे अर्धवट, अस्थिर, आक्रमक रूप तयार होते. त्याला मुक्त मूलक म्हणतात. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा हा कण शेजारच्या कुणाचाही इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी स्वतः तसाच होतो आणि साखळी सुरू होते. पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ, प्रथिने, गुणसूत्रांतील डीएनए हे सारे या साखळीत सापडू शकतात. मुक्त मूलकांमुळे वार्धक्य येते, असा सिद्धांत अमेरिकेतील डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला, आणि तेव्हापासून या कणांची प्रतिमा खलनायकाची झाली.

वस्तुतः शरीर इतके असहाय नाही. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोन शास्त्रज्ञांनी सुपरऑक्साइड डिसम्यूटेझ नावाच्या विकराचे कार्य दाखवून दिले. हे विकर त्या आक्रमक कणाचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. त्यानंतर कॅटलेझ आणि ग्लुटाथायोनवर चालणारी दुसरी विकरे त्याचे साधे पाणी करून टाकतात. ही यंत्रणा प्रत्येक पेशीत आहे. तिला लागणारे जस्त, तांबे, मँगनीज, सेलेनियम हे आहारातून यावे लागते. स्निग्ध आवरणात ई जीवनसत्त्व साखळी तोडते, आणि वापरले गेलेले ई जीवनसत्त्व पुन्हा कामाला लावण्याचे काम क जीवनसत्त्व करते. म्हणजे हा एकट्या वीराचा पराक्रम नव्हे, ही एक साखळी आहे. एका हाताने दुसऱ्याला देत जाण्याची!

आणखी एक गोष्ट बाटलीवर कधीच छापलेली नसते. शरीर मुक्त मूलके हेतुपुरस्सरही तयार करते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यानंतर याच कणांचा मारा करून त्याला ठार करतात. मेहनत करणाऱ्या स्नायूत हे कण वाढतात, आणि त्यांची ती किंचित वाढ हाच शरीराला ‘सज्ज हो’ असा निरोप असतो. २००९ मध्ये जर्मनीतील मायकेल रिस्टो यांच्या गटाने तरुणांना व्यायाम करावयास लावले. काहींना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्या शरीराची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. ज्यांनी घेतल्या त्यांचा हा लाभ बुडाला. निरोप पोचण्यापूर्वीच निरोप्याला अडविले तर दुसरे काय होणार?

आता आवळ्याकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम आवळ्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले होते. २०१७ च्या नव्या कोष्टकात हा आकडा सुमारे २५० आहे. मोजण्याच्या पद्धती सुधारल्या, नमुने बदलले. आकडा खाली आला. यात आवळ्याचा अपमान मुळीच नाही. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरे, असे २०२० ची भारतीय शिफारस सांगते. तीस-पस्तीस ग्रॅम गर असलेला एक आवळा नव्या, कमी आकड्यानेही ती गरज भागवतो. १९३९-४० च्या हिस्सारच्या दुष्काळात हिरड्या सुजवणाऱ्या, रक्त काढणाऱ्या स्कर्व्ही रोगावर आवळ्याचा उपयोग झाला, तो याच बळावर.

मग हजार मिलिग्रॅमच्या गोळीने काय साधते? दोन वेळा नोबेल मिळविलेले लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा पुरस्कार केला आणि जगभर तिची लाट आली. व्यक्तीचा अधिकार मोठा असला म्हणून त्याचे प्रत्येक विधान सिद्ध होत नाही, याचे हे उत्तम उदाहरण. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मार्क लेव्हिन यांच्या १९९६ च्या अभ्यासात असे दिसले की, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास रक्तातील पातळी भरत येते. त्यापुढे मात्रा वाढविली तरी ती फारशी वाढत नाही. आतडे कमी शोषते, मूत्रपिंड जास्तीचे बाहेर टाकते. थोडक्यात, गोळीचा मोठा भाग मोरीत जातो. काहींच्या बाबतीत तो जाता जाता ऑक्झलेटच्या रूपाने मूतखड्याला हातभार लावून जातो.

येथवर नुकसान पैशाचे. पुढचा अनुभव अधिक कठोर आहे. गाजर आणि हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळतो, हे पाहून संशोधकांनी गाजरातील बीटा-कॅरोटिनची गोळी देऊन पाहिली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. तो १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक धूम्रपानी व ॲस्बेस्टॉसच्या संपर्कातील लोकांवर असाच प्रयोग चालू होता. तेथेही कर्करोग २८ टक्क्यांनी अधिक दिसल्यामुळे तो १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. ई जीवनसत्त्वाने पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग टळेल या आशेने ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचे २०११ मधील फलित असे की, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी वाढला. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा ७८ प्रयोगांचा आढावा घेतला, त्यांत जवळजवळ तीन लाख लोक होते. आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा-कॅरोटिन आणि ई यांच्या बाबतीत तर मृत्यू किंचित अधिक असल्याचेच चिन्ह दिसले.

झाडीपट्टीत हे विशेष सांगावे लागते, कारण येथे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी मुलांच्या खिशातही सापडते. तंबाखूचे नुकसान भरून काढण्यासाठी ‘ताकदीची गोळी’ घेणारे शहाणे थोडे नाहीत. फिनलंडचा अनुभव नेमका तंबाखू ओढणाऱ्यांचा आहे, हे त्यांनी ध्यानी घ्यावे. खर्रा सोडण्याला पर्यायी बाटली कोणत्याही दुकानात नाही.

मग गाजर खाणाऱ्याला लाभ कसा होतो, आणि गाजरातले सत्त्व काढून दिले की तोटा का होतो? फळभाजीत एकच द्रव्य नसते. शेकडो द्रव्ये लहान लहान मात्रेत, तंतूंच्या जाळीत बांधलेली असतात. ती सावकाश सुटतात, परस्परांना सांभाळून घेतात. जांभळाला जांभळा रंग देणारी अँथोसायनिने, आवळा-हिरड्यातील टॅनिने, हळदीतील कर्क्युमिन ही द्रव्ये तर जशीच्या तशी रक्तात फार थोडी पोचतात. आतड्यातील जंतू त्यांचे तुकडे करतात. ते तुकडे शरीराच्या स्वतःच्या संरक्षक विकरांना जागे करतात, असे आता मानले जाते. म्हणजे बाहेरून सैन्य येत नाही, घरचेच सैन्य कवायतीला उभे राहते. परीक्षानळीत कोणता पदार्थ किती मुक्त मूलके शोषतो याचे गुणांक पूर्वी मोठ्या कौतुकाने छापले जात. अमेरिकेच्या कृषी खात्याने तसे कोष्टकच प्रसिद्ध केले होते. त्या आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध होत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, म्हणून २०१२ मध्ये त्याच खात्याने ते मागे घेतले. आजही ज्या वेष्टनावर असा गुणांक मिरवलेला दिसतो, ते वेष्टन पुन्हा फळीवर ठेवावे हे उत्तम.

आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही येथे विवेक सोडू नये. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात आरंभीच रसायनाचा विचार आहे. च्यवनप्राशाचे मूळ तेथे आहे आणि आवळा त्याचा आधार आहे. तथापि रसायन म्हणजे केवळ चाटण नव्हे. शरीरशुद्धी, पथ्य, आचार, निद्रा यांच्यासह सांगितलेली ती जीवनपद्धती आहे. बाजारातल्या च्यवनप्राशात साखरेचे प्रमाण मोठे असते. मधुमेह्याने तो चमच्याचमच्याने खावा असे चरकाचार्य सांगतील, असे वाटत नाही. हळदीच्या बाबतीत देशाने एक लढाई जिंकलेली आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ज्ञान आपले होते, हे जगाला मान्य करावे लागले. पण ते ज्ञान फोडणीतल्या चिमूटभर हळदीचे आणि जखमेवरच्या लेपाचे आहे. शोषण वाढावे म्हणून मिऱ्याचे सत्त्व मिसळलेल्या आजच्या तीव्र कॅप्सूलची जबाबदारी पूर्वजांवर टाकता येत नाही. अशा कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी देशोदेशी झाल्या आहेत.

कचारगडच्या परिसरातील ताटाकडे पाहिले तर कशाची उणीव आहे आणि कशाची नाही, हे स्पष्ट दिसते. माघात आवळा आणि बोर. चैत्र-वैशाखात मोहफूल, चार आणि तेंदूची फळे. आषाढाच्या तोंडाशी जांभूळ. पावसात तरोटा, काटवल, बांबूचे कोवळे वास्ते. परसात शेवगा आणि अंबाडी. ऋतूगणिक रंग बदलणारे असे ताट पुण्या-मुंबईच्या श्रीमंत घरातही दुर्मीळ. कोदो हे पूर्वी डोंगरउतारावरचे नित्याचे धान्य. मद्रासच्या आयआयटीतील हेगडे आणि चंद्रा यांनी २००५ मध्ये भरडधान्यांची तुलना केली तेव्हा मुक्त मूलके शमविण्यात कोदो सर्वांच्या पुढे निघाला. त्याच अभ्यासाने हेही दाखविले की, टरफल काढल्यावर आणि शिजवल्यावर ही शक्ती घटते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांत कोदोची पाकिटे आली. परंतु हा धानाचा जिल्हा आहे आणि येथील ताटात आज मुख्यतः पांढराशुभ्र, गिरणीत घासलेला तांदूळच असतो. तांदळाचा कोंडा, ज्यात ई जीवनसत्त्व आणि ओरायझनॉल असते, तो जनावरापुढे जातो किंवा तेलाच्या कारखान्यात.

स्वयंपाकाच्या काही साध्या गोष्टी गृहिणींना सांगाव्या लागतात, काही त्यांच्याकडून शिकाव्या लागतात. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते. म्हणून भाजी चिरून धुऊ नये, धुऊन चिरावी, आणि लिंबू आच बंद केल्यावर पिळावे. तांब्याच्या स्पर्शाने ते विशेष लवकर नष्ट होते, तेव्हा आंबट सरबत कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवू नये. पालेभाजीतील कॅरोटिन मात्र तेलाशिवाय अंगी लागत नाही. तेल वाचविण्यासाठी नुसती उकडून खाल्लेली भाजी अर्धे दान वाया घालवते. वाळवलेल्या आवळ्यात क जीवनसत्त्व घटते, टॅनिन टिकते. हे टॅनिन, विशेषतः चहातले, अन्नातील लोह बांधून ठेवते. पंडुरोगी स्त्रीने जेवणावर लगेच चहा घेणे म्हणूनच वाईट. उलट वरणभातावर पिळलेले लिंबू तेच लोह रक्तात पोचविते.

गोळीला सर्वत्र नकारच आहे, असे मात्र नाही. वार्धक्यात दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज मध्यम अवस्थेत असेल तर क, ई, जस्त यांचे विशिष्ट मिश्रण ती झीज पुढे जाण्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी करते, हे २००१ च्या अमेरिकी प्रयोगात दिसले. २०१३ मध्ये त्यातील बीटा-कॅरोटिन काढून ल्युटीन घालणे अधिक सुरक्षित ठरले. हा निर्णय नेत्रतज्ज्ञाचा. जाहिरातीचा नव्हे.

आता या भागाच्या जिव्हाळ्याचा विषय. भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीत झाली. पूर्व विदर्भ आज त्याचा मोठा पट्टा आहे. या रोगात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, वारंवार फुटतात, आणि फुटलेल्या रक्तातील लोह मुक्त मूलकांचा कारखाना उघडते. म्हणून ऑक्सिडीकरणाचा ताण हा शब्द येथे पुस्तकी राहत नाही. ग्लुटामिन या द्रव्याला याच कारणासाठी अमेरिकेने २०१७ मध्ये सिकलसेलवर मान्यता दिली. युरोपच्या औषध संस्थेच्या समितीला २०१९ मध्ये तोच पुरावा पुरेसा वाटला नाही. मतभेद शिल्लक आहे. परंतु ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढविले जाते त्याच्या अंगात लोह साचत जाते, आणि त्याने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा स्वतःहून घेतल्या तर ते साचलेले लोह मोकळे होऊन हृदयाला इजा होऊ शकते, याविषयी मतभेद नाही. पंडुरोग दिसला की लोहाची आणि ‘ताकदीची’ बाटली एकत्र आणण्याची रीत येथे घातक ठरू शकते. आधी रक्ताची तपासणी, मग औषध. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले, त्यात ही तपासणी विनामूल्य होते. विवाहापूर्वी दोन्ही घरांनी ती करून घ्यावी, यात संकोचाचे काही कारण नाही.

सिकलसेलच्या सावलीत राहिलेला आणखी एक दोष वनप्रदेशातील काही कुटुंबांत आढळतो: जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता. हे विकर तांबड्या पेशीतील ग्लुटाथायोनला पुन्हा पुन्हा ताजे करते. ते कमी असेल तर पेशीकडे ढाल असते, पण ढाल उचलण्याचे बळ नसते. असा मनुष्य एरवी धडधाकट दिसतो. मग हिवताप होतो, प्रायमाक्वीन दिले जाते, आणि दोनचार दिवसांत डोळे पिवळे होतात, लघवी काळसर होते, दम लागतो. शिरेतून दिलेल्या क जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रेनेही अशा रुग्णाच्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. ज्याला जग अँटिऑक्सिडंट म्हणते तेच द्रव्य मोठ्या मात्रेत उलटे वागते. कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढाच धोक्याचा. पेटीतून काढलेले जुने दुपटे तसेच नवजात बाळाला गुंडाळले तर या दोषाच्या बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते. दुपटे आधी धुवावे, उन्हात पुरते वाळवावे. हिवतापाचे औषध घेताना लघवीचा रंग बदलला तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे, आणि घरात पूर्वी कुणाला असे झाले असल्यास ते डॉक्टरांना औषध लिहिण्यापूर्वीच सांगावे.